दिवसा मशाल घेऊन फिरणारा पंडित

(वर्षावासातील अभ्यासपाठ)



मालाडहून मढला येताना वाटेत अक्साचा समुद्रकिनारा लागतो. वाळू सपाट, पाणी शांत दिसते. परंतु या किनाऱ्यावर माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तेथे सूचनेचे फलक लावलेले आहेत. जीवरक्षक शिट्ट्या वाजवतात. आसपासचे कोळी बांधव हाका मारून सांगतात की पुढे जाऊ नका, पायाखालची वाळू सरकते आणि परतणारे पाणी माणसाला आत ओढते. पुष्कळ लोक ऐकतात. काही जण मात्र हसतात आणि म्हणतात, "आम्हांला पोहता येतं!" विहिरीत चार हात मारता येणे ही एक गोष्ट झाली आणि समुद्र ओळखणे ही दुसरी. या दोहोंतले अंतर ज्याला कळत नाही, त्याला शिट्टीही ऐकू येत नाही.

याच मढच्या बंदरातून उभा जन्म होडी काढलेला तांडेल पाहा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर पडताना तो पाण्याचा रंग पाहतो, लाट कोठे फुटते ते पाहतो, वाळूचा बांध कोठे सरकला असेल याचा अंदाज घेत हळूहळू पुढे जातो. ज्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे, तोच सर्वांत जास्त जपून जातो.

बुद्धीच्या बाबतीतही असेच आहे. थोडे शिकलेला मनुष्य स्वतःला फार मोठा समजू लागतो आणि ते मोठेपण दुसऱ्यांना दाखविण्यासाठी धडपडतो. या दोषाचा आजच्या पाठात विचार करावयाचा आहे. हा दोष परक्यांचा आहे असे समजून कोणी हा पाठ वाचू नये. म्हणून आधी माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करतो.

एक घडलेली गोष्ट

ही गोष्ट १९८६ सालच्या वर्षावासातली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या वस्तीत कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली बौद्ध कुटुंबे होती. पत्र्याचे लहानसे विहार होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तेथे रोज संध्याकाळी वंदना होई आणि नंतर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होई. वाचन माझ्याकडे होते, कारण न अडखळता वाचणारे वस्तीत फार थोडे होते. मी पाली भाषेची एक-दोन पुस्तकेही चाळली होती.

वंदनेला एक आजी नेमाने येत. त्या साताऱ्याकडच्या, अक्षरओळख नसलेल्या. पंचशील म्हणताना त्यांचे उच्चार चुकत. पाचव्या शीलातील 'सुरामेरय' हा शब्द तर त्यांच्या तोंडून कधीच नीट आला नाही. एके दिवशी मी सर्वांदेखत वंदना थांबविली, त्यांचा उच्चार दुरुस्त केला आणि त्या शब्दाची फोड करून दहा मिनिटे व्याख्यान दिले. तरुण मुले हसली. मला फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या आईने मला त्यांच्याकडे पाठविले. आजी म्हणाल्या, "तुजं बरोबर हाय बाळा. माजं चुकतंय. चुकीचं म्हन्न्यापरीस गप बसल्यालं बरं, म्हनून आले न्हाई."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी आल्यावर आईने सांगितले ते मी आजतागायत विसरलो नाही. गावी दीक्षेचा कार्यक्रम झाला त्या दिवशी त्या आजींनी ऐकून ऐकून पंचशील पाठ केले. त्याच रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितले की आता या घरात दारू येणार नाही. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. पण दारू येऊ दिली नाही. दोन मुलांना लोकांची धुणीभांडी करून शिकविले. 'सुरामेरय' या शब्दाची फोड मला येत होती. त्या शब्दाचा अर्थ मात्र त्या जगल्या होत्या. विहारात बसलेल्या माणसांत शहाणा कोण होता, हे सांगण्याची गरज नाही.

मी त्यांची क्षमा मागितली. त्या पुन्हा येऊ लागल्या. परंतु त्यानंतर त्या वंदना अगदी हळू आवाजात म्हणत. त्यांचा तो पूर्वीचा मोकळा आवाज मला परत आणता आला नाही.

बाबासाहेबांनी सांगितलेली गोष्ट

पूज्य बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. धम्म हा सद्धम्म केव्हा ठरतो, याचे विवेचन त्यात आहे. त्या विवेचनाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पहिली पायरी अशी की, विद्या सर्वांना खुली पाहिजे. ज्या समाजव्यवस्थेने शूद्रांना आणि स्त्रियांना अक्षरापासून दूर ठेवले, तिच्याविरुद्ध बुद्धांनी विद्येचे दार सर्वांसाठी उघडले. परंतु बाबासाहेब येथे थांबत नाहीत. लगेच दुसरी पायरी येते: नुसती विद्या पुरेशी नाही, कारण तिच्यातून पोकळ पांडित्य निपजू शकते. म्हणून प्रज्ञा पाहिजे. आणि प्रज्ञाही एकटी पुरत नाही. तिला शीलाची, करुणेची आणि मैत्रीची जोड पाहिजे.

नुसत्या विद्येचा धोका समजावून देण्यासाठी त्या ग्रंथात कोसंबीच्या एका ब्रह्मचाऱ्याची गोष्ट आली आहे. तो वादविवादात मोठा पटाईत होता. आपल्या तोडीचा कोणी उरला नाही अशी त्याची खात्री झाली, तेव्हा तो भर दिवसा पेटती मशाल घेऊन गावातून फिरू लागला. लोकांनी कारण विचारले तर सांगे की, जगात सगळा अंधार आहे, म्हणून मी उजेड धरून चाललो आहे. भगवान बुद्धांनी त्याला त्याच्या ज्ञानाची मर्यादा दाखवून दिली आणि समजाविले की, जो आपल्या विद्येच्या जोरावर दुसऱ्याला हलका लेखतो, त्याची अवस्था हाती दिवा घेतलेल्या आंधळ्यासारखी असते.

या गोष्टीत एक बारकावा आहे. मशालीचा उपयोग रात्री असतो. अंधारात ज्याला वाट सापडत नाही, त्याच्यासाठी मशाल धरली तर ते पुण्यकर्म होईल. दिवसा धरलेली मशाल वाट दाखवीत नाही. ती फक्त मशाल धरणाऱ्याला दाखविते. म्हणून प्रत्येक शिकलेल्या माणसाने स्वतःला विचारावे: माझ्या बोलण्याने समोरच्याला वाट दिसते आहे, की फक्त मी दिसतो आहे? आजींच्या त्या प्रसंगी दिसत होतो तो फक्त मी.

दोष कसा ओळखावा

हा दोष बारीक असतो. तो धम्मकार्याचे सोंग घेऊन येतो. त्याची काही लक्षणे अशी:

१. प्रश्न शिकण्यासाठी विचारला जात नाही. समोरचा कोठे अडतो हे पाहण्यासाठी विचारला जातो.

२. सोपा शब्द असताना अवघड शब्द वापरला जातो. ऐकणाऱ्याला कळले नाही, तर वाईट वाटण्याऐवजी आनंद होतो.

३. "मला माहीत नाही" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

४. महाराष्ट्र शासनाने १९७९ सालापासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. ते आपले मोठे धन आहे. परंतु खंडाचा आणि पानाचा आकडा समोरच्याच्या डोक्यात काठीसारखा मारला जातो. पुष्कळदा त्या पानाच्या आधीचे आणि नंतरचे पान वाचलेले नसते.

५. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पूर्वी पंधरा माणसांपुढे जे मिरविले जाई, ते घरबसल्या पाचशे माणसांपुढे मिरविता येते. आणि समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसत नसल्यामुळे लाजही वाटत नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली यासंबंधी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या तर्कशास्त्र, व्याकरण अशा विषयांत चाचण्या घेतल्या आणि तुमचा क्रमांक कितवा येईल असे त्यांनाच विचारले. सर्वांत मागे पडलेला जो चौथा हिस्सा होता, तो शंभरांत खालून सरासरी बाराव्या पायरीवर होता. पण त्यांना वाटत होते की आपण बासष्टाव्या पायरीवर आहोत. सर्वांत पुढे असलेल्यांनी उलट स्वतःला थोडे कमीच लेखले. या अभ्यासातील गणितावर पुढे विद्वानांमध्ये वाद झाले. परंतु त्यातील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. मागे पडलेल्यांना जेव्हा तर्क कसा करावा हे थोडे शिकविले, तेव्हा आपण कोठे चुकलो हे त्यांनाच दिसू लागले. म्हणजे या दोषावर उपाय आहे, आणि तो उपाय खरे शिक्षण हाच आहे.

मान म्हणजे काय

बुद्धधम्मात या दोषाला 'मान' असे नाव आहे. माणसाला बांधून ठेवणारी दहा संयोजने, म्हणजे बेड्या सांगितल्या आहेत. त्यांत मान ही आठवी बेडी होय. ती अगदी शेवटी, अर्हत्पद प्राप्त झाल्यावरच तुटते. यावरून ती किती चिवट आहे हे कळते. म्हणून आपल्यात मान सापडला तर घाबरून जाऊ नये. आणि सापडला नाही तर नीट पाहिले नाही असे समजावे.

मान तीन प्रकारांनी प्रकट होतो. 'मी त्याच्याहून श्रेष्ठ आहे' हा पहिला. 'मी त्याच्याइतकाच आहे, त्याच्यापेक्षा कशात कमी नाही' हा दुसरा. 'मी त्याच्याहून हीन आहे' हा तिसरा. तिसरा प्रकार ऐकून नवदीक्षित बंधुभगिनींना आश्चर्य वाटेल. स्वतःला कमी समजणे हाही मान कसा? याचे कारण असे की, तिन्ही प्रकारांत मन एकच काम करीत असते: स्वतःला दुसऱ्याशेजारी ठेवून मोजत असते.

आपल्या समाजाच्या बाबतीत या गोष्टीला फार महत्त्व आहे. शेकडो वर्षे आपल्या पूर्वजांना सांगितले गेले की तुम्हांला बुद्धी नाही. ती जखम अजून ओली आहे. त्या घरातील पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी पदवी घेते, तेव्हा आपली बुद्धी जगाला दाखवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कित्येकदा ती दाखविली जाते कोणाला? ज्यांनी अपमान केला ते तर दूर असतात. जवळ असते ती निरक्षर आई, हमाली करणारे वडील, विहारातील आजी. बाहेर सोसलेल्या अपमानाची परतफेड घरातल्या माणसांकडून वसूल केली जाते. तिसऱ्या प्रकारचा मान असा पहिल्या प्रकारात उलटतो. बेडी तीच राहते.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती आपल्याला ठाऊक आहे. शिकून हे लोक समाजाच्या कामी येतील अशी त्यांची आशा होती. शिकलेला मनुष्य समाजापासून एका दिवसात दूर जात नाही. आधी तो आपल्या आईच्या उच्चाराला हसतो.

येथे गैरसमज होऊ नये. स्वाभिमान आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्यायापुढे मान न झुकविणे, आपले ज्ञान निर्भयपणे मांडणे, खोट्याला खोटे म्हणणे हा स्वाभिमान होय. तो सोडावयाचा नाही. स्वाभिमानी मनुष्याला उभे राहण्यासाठी दुसऱ्याला खाली बसवावे लागत नाही. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील सर्वोच्च पदव्या मिळविलेल्या बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे वयोवृद्ध भदन्त चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, आणि त्यानंतर लाखो निरक्षर माणसांना स्वतः दीक्षा दिली. स्वाभिमान आणि नम्रता एकत्र कशी नांदते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

हरलेल्या राजाचे नाव

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, कॉलेज सुरू केले. त्या कॉलेजला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि त्याच्या आवाराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले. ही नावे आपण रोज घेतो. त्यांच्यामागची कथा प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे.

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो होऊन गेला. सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, ही त्याची राजधानी मानतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात सांगितले आहे की, त्याला वादाची फार हौस होती. तो एकामागून एक विद्वानांना गाठी, प्रश्न विचारी आणि निरुत्तर करी. आयुपाल नावाचे स्थविरही त्याच्यापुढे गप्प झाले. तेव्हा राजाने जाहीर केले की, सारा जंबुद्वीप रिकामा आहे, माझ्याशी बोलू शकेल असा येथे कोणीच नाही.

मग त्याची गाठ भिक्खू नागसेनांशी पडली. राजाने चर्चेची इच्छा दर्शविली. नागसेनांनी आधी एक अट सांगितली: विद्वान जशी चर्चा करतात तशी करणार असाल तर मी तयार आहे, राजे जशी करतात तशी असेल तर नाही. राजाने फरक विचारला. त्यांनी सांगितले की, विद्वानांच्या चर्चेत मुद्दा मांडला जातो, खोडला जातो, चूक दाखविली जाते, चूक कबूलही केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत सांगतात आणि जो ते मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावितात. राजाने विद्वानांची रीत मान्य केली.

पुढे अनेक दिवस प्रश्नोत्तरे झाली. राजाने सोपे प्रश्न विचारले नाहीत, आणि पटल्याशिवाय मान डोलाविली नाही. परंतु पटले तेव्हा त्याने मोकळ्या मनाने तसे सांगितले, आणि अखेरीस तो उपासक झाला.

आता पाहा. वादात सरस ठरले ते नागसेन. कॉलेजला नाव मिळाले ते हरलेल्या राजाचे. त्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते नाव सांगते की, येथे प्रश्न विचार, कसून विचार, कोणालाही विचार. पण उत्तर पटले तर आपली हार कबूल करण्याइतका मोठा हो. ज्याला हरता येत नाही, त्याला शिकताही येत नाही.

मग आचरण काय करावे

धम्म आचरणासाठी आहे. म्हणून या वर्षावासात पुढील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने करून पाहाव्यात.

पहिली: "मला माहीत नाही, पाहून सांगतो" हे वाक्य म्हणण्याची सवय लावावी. आईवडिलांनी ते मुलांपुढे म्हणावे. ज्या घरात बाप हे वाक्य म्हणतो, त्या घरातील मूल खोटे उत्तर द्यायला शिकत नाही.

दुसरी: दुसऱ्याची चूक दाखविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. हे खरे आहे काय? याने त्याचे हित होईल काय? ही वेळ योग्य आहे काय? अभय राजकुमाराशी बोलताना भगवान बुद्धांनी आपल्या बोलण्याची हीच कसोटी सांगितली आहे. आजींचा उच्चार मी दुरुस्त केला तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे होते. उरलेले दोन मी विचारलेच नाहीत. वंदना संपल्यावर त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याबरोबर हळूच म्हटले असते, तर शब्दही सुधारला असता आणि आवाजही राहिला असता.

तिसरी: आपल्याहून लहान किंवा कमी शिकलेल्या माणसाकडून दर आठवड्याला एक तरी गोष्ट शिकावी. पोट्ठिल नावाचे एक भिक्खू होते. शेकडो भिक्खूंना ते धम्म शिकवीत. पण स्वतः आचरण करीत नसत. भगवान त्यांना 'रिकामा पोट्ठिल' म्हणून हाक मारीत. ती हाक त्यांच्या जिव्हारी लागली. ते अरण्यातल्या भिक्खूंकडे गेले. थोरल्याने धाकट्याकडे पाठविले, धाकट्याने त्याच्याहून धाकट्याकडे, आणि शेवटी सात वर्षांच्या एका श्रामणेरापुढे त्यांना शिष्य म्हणून उभे राहावे लागले. त्या मुलाने परीक्षा पाहण्यासाठी त्यांना चांगल्या चीवरासह तळ्यात उतरायला सांगितले. ते तत्काळ उतरले. चीवराचा काठ भिजला, आणि इतक्या वर्षांच्या पाठांतराने जे झाले नव्हते, त्याची तेथे सुरुवात झाली.

चौथी: घरी ग्रंथवाचन करताना शिकलेल्या मुलाने वाचावे आणि पहिला प्रश्न घरातील सर्वांत कमी शिकलेल्या व्यक्तीने विचारावा. तिला समजेल अशा शब्दांत उत्तर देता आले नाही, तर आपल्यालाच ते अजून समजलेले नाही असे मानून पुन्हा वाचावे.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. विद्या मिळवायला आपण उशिरा लागलो, म्हणून ती अधिक जोमाने मिळवावी. मशाल तर पेटवलीच पाहिजे. ती भर दिवसा चौकात मिरवू नये. रात्री, ज्याला वाट दिसत नाही त्याच्या पायांपुढे धरावी. तसे केल्याने मशाल धरणाऱ्याचा चेहरा अंधारात राहील. त्याची खंत करू नये.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात "मला माहीत नाही" असे आपण किती वेळा म्हणालो? कोणापुढे म्हणायला अवघड गेले?

२. मानाच्या तीन प्रकारांपैकी आपल्या मनात कोणता वारंवार येतो?

३. विद्वानांची चर्चा आणि राजांची चर्चा यांत फरक काय? आपल्या घरात कोणती चालते?

४. आपल्यामुळे विहारात यायचे किंवा बोलायचे कोणी थांबले आहे काय? असल्यास, या पौर्णिमेपूर्वी त्यांच्या घरी जाऊन यावे.